अकरा गुलाबी तांदूळ

१

सिंधूनं माझ्या टेबलावर कागदाची पुडी ठेवली आणि आत विंचू असल्यासारखी दोन पावलं मागं सरकली. मी पुडी उघडली. आत तांदळाचे दाणे होते. मोजले तर अकरा भरले. आणि अकराच्या अकरा गुलाबी.

“रईसाचाचीच्या स्वयंपाकघरात सापडले, सिस्टर. चहाच्या डब्यामागं. आरतीला चहाच्या वेळेलाच झालं ना ते? पोरी म्हणतात विष हाय. न्हाईतर करणी.”

“पोरींनी आणखी काय काय केलं ते आधी सांग,” मी म्हणाले. “तिच्या दातांत चमचा कुणी घातला?”

आरतीचा पुढचा दात अर्धा तुटला होता. नाकाला चप्पल लावली होती, तिची माती अजून ओठावर होती. बारावी सायन्सच्या पोरी ह्या, उद्या डॉक्टर व्हायला निघालेल्या! झटका आलेल्या मुलीला कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, एवढंही एकीला ठाऊक नसावं? मला मेलीला राग लवकर येतो. त्या दिवशी तर तो पहाटे पाचलाच आला होता.

मी पंचशीला. लातूरला मेंदूच्या आजारांचा एक दवाखाना आहे, तिथं नर्स. डोक्याला तारा लावून मेंदूची पट्टी काढते, लोकांना गोळ्या समजावून सांगते, आणि ऐकलं नाही तर ओरडते. २००१ चा फेब्रुवारी चालू होता. गुजरातच्या भूकंपाला अडीच आठवडे झाले होते आणि आमच्याकडचं साडेसात वर्षांपूर्वीचं दुखणं पुन्हा उकरून निघालं होतं. बारावीच्या पोरांना मात्र त्याची फुरसत नव्हती. बोर्ड अठरा दिवसांवर आलं होतं.

आरती देवणीकडच्या एका गावची, शेतकऱ्याची मुलगी. चंद्रप्पा सरांच्या वसतिगृहात राहून ट्यूशन करायची. त्या पहाटे मेसमध्ये चहाला बसली आणि किंकाळी फोडून खाली पडली. एक झटका थांबतो न थांबतो तोच दुसरा आला. सर तिला रिक्षात घालून घेऊन आले. डॉक्टरांनी शिरेत इंजेक्शन दिलं आणि ती झोपली.

नऊ वाजता तिचे आईवडील पहिल्या एसटीनं येऊन धडकले. वडील व्यंकटराव, आई कस्तुराबाई. व्यंकटरावांनी माझ्या टेबलावरची पुडी पाहिली आणि दवाखाना दणाणून सोडला.

“विषच घातलं त्या बाईनं! सोडत न्हाई मी! उद्या दहा वाजता ठाण्यात नेऊन बसवतो तिला!”

कस्तुराबाईंनी पण दाणे पाहिले. त्या ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. टेबलाची कड घट्ट धरली आणि पदर तोंडावर ओढून घेतला.

मी व्यंकटरावांकडे बघतच राहिले. कारण आरतीला काय झालंय हे त्या खोलीत तिघांना पक्कं ठाऊक होतं. मला, कस्तुराबाईंना आणि त्यांना. दोन वर्षांपासून मुलीच्या मिरगीच्या गोळ्या हाच माणूस माझ्याकडून सही करून नेत होता.

२

त्यांना मी मागच्या अंगणात नेलं.

“व्यंकटराव, विष म्हणून काय ओरडताय? तुम्हाला माहीत नाही?”

“हळू बोला, सिस्टर.” आवाज एकदम खाली आला. “थोरलीचं लग्न हाय वैशाखात. शिरूर अनंतपाळचे पाहुणे. घरात मिरगी हाय म्हणून कळलं तर उभे तरी राहतील का ते?”

“म्हणून एका गरीब बाईला ठाण्यात बसवणार?”

“तांदूळ मी ठेवले का तिथं? करणीचं काय तरी करून राहिली असंल ती बाई, त्याशिवाय असले तांदूळ निघतात का?” त्यांनी माझ्यासमोर बोट नाचवलं. “आन् तुम्ही तोंड उघडायचं न्हाई. पेशंटचं गुपित हाय ते.”

माणूस हुशार होता. विष म्हटलं की मिरगी आपोआप झाकली जात होती.

डॉक्टरसाहेबांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, “ते बरोबर बोलतात. आरतीनं परवानगी दिल्याशिवाय तिचा आजार बाहेर जाणार नाही. पण सिस्टर, दोन वर्षं ही मुलगी गोळ्यांवर ठणठणीत होती. दिवसाला दोन, एक सकाळी, एक रात्री. मग आजच का आला झटका? ते शोधा. म्हणजे तांदूळही सापडतील.”

दुपारी आरतीनं डोळे किलकिले केले.

“गोळ्या घेत होतीस?”

“हाव. रोज.”

“दोन्ही?”

तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. “रोज घेत होते, सिस्टर.” आणि इंजेक्शनच्या गुंगीत पुन्हा झोपून गेली. बाहेर काय महाभारत चाललंय ते तिला कळलेलं नव्हतं, आणि डॉक्टरांनी सांगूही नका म्हटलं होतं.

पंधरा वर्षांची नोकरी झाली माझी. खोटं बोलणारा पेशंट मला पाठीमागूनही ओळखू येतो. ही पोर खोटं बोलत होती. का, ते मात्र कळेना.

३

चंद्रप्पा सरांच्या वसतिगृहाच्या दारातच पाटी होती. त्यावर नियम. सातवा असा होता : ‘फिट, मिरगी इत्यादी आजार असलेल्या विद्यार्थिनीस प्रवेश नाही. लपवल्यास तत्काळ काढण्यात येईल.’

“असले नियम कशाला ठेवता सर?” मी विचारलं.

“दोन वर्षांपूर्वी एक मुलगी गच्चीच्या जिन्यावरून पडली, सिस्टर. पालकांनी मलाच धरलं.” सर हात चोळत होते. माणूस वाईट नव्हता, पण हेडमास्तर घाबरला की कसा होतो तसा झाला होता. “आणि आत्ता तर शेवटचा महिना. रिव्हिजनचा. परवापासून घंटासुद्धा चारची तीनला केलीय मी.”

“पहाटे तीनला?”

“अकराला दिवे बंद, तीनला घंटा. निकाल उगाच लागतो का?”

माझ्या कपाळाची शीर उडायला लागली. मिरगीच्या माणसाला झोप म्हणजे अर्धं औषध. पण तेवढ्यानं दोन्ही गोळ्या घेणारी मुलगी अशी लागोपाठ दोनदा पडेल, हे मनाला पटेना. मी स्वयंपाकघराकडे वळले.

रईसा म्हणजे चाळिशीची, हडकुळी बाई. नवरा शिलाईकाम करायचा, तो वारल्यावर ती इथं मेस सांभाळायला आली. स्वयंपाकघराच्या मागच्या खोलीत राहायची. तिची मुलगी तूबा बारावीलाच होती. आईच्या कामाच्या बदल्यात सर तिला वर्गात बसू देत होते. म्हणजे आईचं काम गेलं की खोली गेली, आणि बोर्ड अठरा दिवसांवर असताना पोरीचा वर्गही गेला.

“मला काय बी मालूम नाही, सिस्टर,” रईसा म्हणाली. “चाळीस पोरींचा चहा एका पातेल्यात. विष असतं तर एकटीलाच कसं लागलं असतं?”

अगदी सरळ बोलली. मला बाई आवडली. खिडकीच्या कठड्यावर एका बशीत पाणी आणि ज्वारीचे दाणे होते, त्यावर दोन चिमण्या उतरल्या होत्या.

“रोज ठेवता?”

“गिरा हुआ दाना पाँव के नीचे नको. अन्न हाय ते. सांडलं की उचलायचं, पुडीत ठेवायचं, चिमण्यांना घालायचं. पोरीला बी तेच शिकवलं मी.”

कोपऱ्यात तूबा पुस्तक घेऊन बसली होती. बाजूला स्टीलचा गिलास, त्यात अर्धाच चहा. उघड्या पावलांवर भाजल्याचे जुने डाग होते, एकावर एक पडलेले.

“हे काय गं?”

उत्तर रईसानं दिलं. “चहा सांडती ती. भूकंपात नऊ बरसाची होती, तवापासून दचकती. त्यामुळं मी अर्धाच भरून देते.”

मी मान डोलावली. आमच्या जिल्ह्यात दचकणाऱ्या प्रत्येकाला हेच म्हणतात. मलाही त्यात नवल वाटलं नाही.

मग मी पुडी काढून रईसाच्या तळहातावर ठेवली. तो कागद तिनं पाहिला नव्हता, नुसता ऐकला होता. वहीचं पान, भौतिकशास्त्राचं अर्धं गणित, आणि टोकं आत दुमडून घातलेली नीटस पुडी. तिनं ती उघडली नाही. नुसती बोटानं घडी चाचपली आणि तिचा चेहरा उतरला.

“माझे हाय,” ती म्हणाली.

“काय?”

“तांदूळ. मीच ठेवले. लिहून घ्या तुम्ही.”

“अहो, आत्ता तर म्हणालात...”

“झूट बोलले.” ती उठली आणि तूबाच्या समोर जाऊन, माझी नजर अडवून उभी राहिली. “जे करायचं ते मला करा.”

४

सिंधू आरतीची खोलीतली जोडीदारीण. वर्गात पहिली ही, दुसरी आरती. तेव्हा माझ्या मनात तिच्याबद्दलही आलंच. तिला समोर बसवून मी आरतीची पेटी उघडली.

“तिच्या वस्तूंना हात लावायचीस?”

“न्हाई हो. फक्त शक्तीच्या गोळ्या मागितल्या होत्या एकदा. दिल्या न्हाई. चिडलीच माझ्यावर.”

“कसल्या शक्तीच्या?”

सिंधूनं कपड्यांखालून एक बाटली काढली. वर एका टॉनिकचं जुनं लेबल. मी झाकण उघडलं आणि खाली पलंगावर बसले.

आत आमच्या गोळ्या होत्या. मिरगीच्या. वरचा गुलाबी रंग चिकट झालेला. आणि गोळ्यांच्या खाली, मध्ये, अंगाला चिकटलेले तांदळाचे दाणे. गोळ्यांचा रंग चढून गुलाबी झालेले.

संध्याकाळी कस्तुराबाईंना मी वॉर्डाबाहेर एकटीला गाठलं. बाटली पुढं धरली.

“ह्या गोळ्या मी पाकिटात बंद देते. बाटलीत कुणी ओतल्या?”

बाई एकदम बांध फुटल्यासारखं बोलल्या. “पाकिटावर नाव असतं ना सिस्टर! कोणी वाचलं म्हणजे? म्हणून मी काढून भरते. रोजचा डब्बा एसटीनं जातो, महिन्याच्या एक तारखेला त्यातच बाटली घालते. पण गरम भाकरीची वाफ लागती, गोळ्या ओलसर व्हायल्या. मग मिठात घालतो तसे चार दाणे तांदळाचे घातले.”

“आणि सकाळी पुडी बघितल्या बघितल्या ओळखलंत.”

“हाव.”

“तरी बोलला नाहीत!”

“मालकांनी डोळे वटारले. काय करू?” त्या रडायला लागल्या. मला त्यांची कीवही आली आणि रागही आला, दोन्ही एकदमच.

करणी नाही, विष नाही. गोळीला चिकटलेले दाणे, एवढंच. पण आरतीच्या पेटीतली गोळी रईसाच्या स्वयंपाकघरात गेली कशी?

मी गोळ्या मोजल्या. एक तारखेला साठ आल्या. आज बारा. अकरा दिवसांच्या बावीस गेल्या, आजची सकाळची घ्यायच्या आतच ती पडली. अडतीस उरायला हव्यात. दोनदा मोजलं. अडतीसच भरल्या. एकही कमी नाही.

आता बघा. कुणी चोरली असती तर बाटलीत कमी भरल्या असत्या. कमी नाहीत. म्हणजे रोज दोनच निघत होत्या. त्यांतली एक स्वयंपाकघरात जात होती, तर आरतीच्या पोटात एकच जात होती. आणि हे आरतीला ठाऊक नाही असं होणारच नाही. तिच्याच हातानं ती गोळी दिली जात होती.

पण मिरगीची गोळी घेऊन कुणी काय करेल? अठरा वर्षांच्या पोरीनं आपलं औषध, ज्यावर तिचं सगळं उभं आहे, ते कुणाला द्यावं?

५

दुसऱ्या दिवशी तीनच्या घंटेला मी वसतिगृहात हजर होते. आदल्या दिवशीची चहाची वेळ मला डोळ्यांनी बघायची होती. चाळीस पोरी तारवटलेल्या डोळ्यांनी पंगतीत बसल्या. रईसाचं बोचकं दाराशी बांधून ठेवलेलं. सरांनी तिला दहाला खोली सोडायला सांगितलं होतं, तरी तिनं चहा केला.

तूबा भिंतीला टेकून बसली होती. आईनं अर्धा गिलास पुढं केला. तूबानं दोन्ही हातांनी धरला, तोंडाजवळ नेला, आणि तिचा उजवा हात खांद्यापासून उडाला. गिलास समोरच्या भिंतीवर आदळला.

“आला भूकंप!” चारपाच पोरी एकदम ओरडल्या. सवयीनं, झोपेतच. हसल्या आणि पुन्हा पुस्तकात डोकं घातलं. तूबाही कसनुसं हसली. ती पूर्ण शुद्धीत होती. दुसऱ्याच क्षणी हात पुन्हा उडाला, या वेळी रिकामा.

हे मी आधी पाहिलं होतं.

शरणम्मा. चौऱ्याण्णव साल, किल्लारीकडच्या पत्र्याच्या शेडचा कॅम्प. चौदा वर्षांची पोर. सकाळी तिच्या हातून पितळी, तांब्या, जे असेल ते उडायचं. आई विचारायला आली. मी म्हणाले, “भूकंपाची धास्ती आहे बाई, जाईल हळूहळू.” दहा दिवसांनी ती चुलीवर पडली. झटका आला तेव्हा जवळ कुणी नव्हतं. तिला दवाखान्यात आणलं तेव्हा ड्यूटी माझीच होती. त्या पोरीसाठीच मी पुढं मेंदूचं काम शिकले. आणि काल दुपारी, तूबाच्या पावलांवरचे डाग बघूनसुद्धा, मी मान डोलावून मोकळी झाले होते! थू माझ्या शिकण्यावर.

सकाळी उठल्या उठल्या हात उडणं, माणूस शुद्धीत, हातातली वस्तू फेकली जाणं, झोप कमी झाली की जास्त होणं. मिरगीचाच हा एक प्रकार आहे, आणि याच वयात सुरू होतो. गोळीनं आवरतो. ओळखला मात्र पाहिजे. आमच्या अख्ख्या जिल्ह्यानं त्याला भूकंप म्हणून टाकलं होतं.

तूबाला मी हाताला धरून मागच्या खोलीत नेलं.

“काल आणि आज गोळी मिळाली नाही, म्हणून ना?”

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मटकन खाली बसली.

“मी चोरली न्हाई, सिस्टर.”

“ठाऊक आहे मला. तिनं दिली.”

“डिसेंबरात मी बाथरूममध्ये पडले होते. आरतीनंच बघितलं फक्त. म्हणाली, ‘हे भूकंपाचं न्हाई गं. मला बी आधी असंच व्हायचं.’ रोज सकाळची गोळी मला द्यायला लागली. म्हणाली, बोर्ड होऊ दे, मग सिस्टरकडं जाऊ दोघी. कोणाला सांगायचं न्हाई. सांगितलं तर सातवा नियम, दोघी बाहेर. शपथ घेतली माझ्याकडून. दाणे खरवडून काढायचे मी. अन्न हाय म्हणून फेकवेना. पुडीत ठेवले, चिमण्यांना... सिस्टर, ती माझ्यामुळं पडली ना?”

“आणि अम्मी?”

“अम्मीनं पुडी ओळखली. तिला वाटतंय मीच आरतीला काहीतरी खाऊ घातलं. विचारत बी न्हाई मला. रात्रभर नुसती बघत बसली.”

बाहेर दाराशी काहीतरी खडखडलं. रईसा उभी होती. तिनं किती ऐकलं होतं कोण जाणे.

६

आठ वाजता आरती नीट जागी झाली. डॉक्टरांना विचारून मी तिला सगळं सांगितलं. ती उठायलाच निघाली, आम्ही दोघांनी धरून झोपवलं.

“सांगा सिस्टर,” ती म्हणाली. “माझं नाव घेऊन सांगा, मला मिरगी हाय म्हणून. पण तूबाचं घेऊ नका. तिचं सरांना कळलं तर परीक्षा कुठून देईल ती?”

दहा वाजता सरांच्या हॉलमध्ये सगळे जमले. जिन्यावर पोरी, खुर्चीत चंद्रप्पा सर, दाराशी बोचकं घेऊन रईसा. व्यंकटराव गावाकडच्या दोन पाहुण्यांना घेऊन आले होते. कस्तुराबाई मागं, कोपऱ्यात.

“ठाण्यात जायच्या आधी माझं ऐका,” मी म्हणाले. “हे तांदूळ करणीचे नाहीत, विषाचे नाहीत. एका औषधाच्या बाटलीत ओल धरू नये म्हणून घातलेले आहेत. ते औषध आरतीचं...”

“सिस्टर!” व्यंकटराव गरजले. “एक शब्द पुढं बोललात तर याद राखा! माझी पोर ठणठणीत हाय! कसलं औषध घेत न्हाई ती!”

पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. मी तोंड उघडणार, तेवढ्यात माझ्या हातातून कुणीतरी बाटली ओढून घेतली. कस्तुराबाई. डोक्यावरचा पदर खाली आला होता, तो त्यांनी सावरलाही नाही.

“घेती,” त्या म्हणाल्या. “हे मिरगीचं औषध हाय. माझ्या पोरीचं. बाटलीत मी भरलं, तांदूळ मी घातले.” बाटली त्यांनी सरांपुढं आपटली. “दोन वरसं लपवलं. आन् लपवता लपवता आता दुसऱ्या बाईला फासावर द्यायला निघालो आम्ही. बस झालं.”

व्यंकटरावांचा हात वर गेला होता, तो तसाच खाली आला.

चंद्रप्पा सरांनी बाटलीतले दाणे पाहिले, पुडीतले पाहिले. मग नको तोच प्रश्न विचारला. “पण मग हे स्वयंपाकघरात कसे गेले?”

मी आरतीला शब्द दिला होता.

“मी चोरल्या,” रईसा म्हणाली. “गोळ्या. शक्तीच्या वाटल्या मला.”

“अम्मी, बस!”

तूबा जिन्यावरून उतरून खाली आली होती. चाळीस पोरींच्या मध्ये उभी राहिली आणि उजवा हात पुढं धरला.

“मला बी मिरगी हाय,” ती म्हणाली. “तुम्ही भूकंप म्हणता ना, ती. आरतीनं तिची सकाळची गोळी मला दिली. तिची अर्धी झाली म्हणून ती पडली. अम्मीनं काहीच केलं न्हाई.”

रईसानं पुढं होऊन पोरीच्या एक मुस्काटात मारली. “माँ को नहीं बोली!” आणि लगेच तिचा तोच हात दोन्ही हातांत घट्ट धरून ती खाली बसली आणि मोठ्यानं रडायला लागली. जिन्यावर सिंधू तोंडावर ओढणी दाबून उभी होती. रोज सकाळी सगळ्यांत आधी “आला भूकंप” तीच ओरडायची.

सरांनी रईसाची माफी मागितली. काम राहील म्हणाले, खोली राहील म्हणाले. “पण मुलींचं... नियम आहे, सिस्टर. दोघींनाही ठेवता येणार नाही. उद्या काही झालं तर मला कोण सोडवणार?”

मी त्या माणसाला काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. उपयोग झाला नाही.

रईसानं बोचकं उचललं. “मग मला बी ठेवू नका,” म्हणाली.

७

माझं घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत आरती आणि तूबा, आत मी आणि रईसा. डॉक्टरांनी तूबाची पट्टी काढली, निदान पक्कं झालं, तिच्या नावाची वेगळी फाईल झाली, तिच्या गोळ्या वेगळ्या. ही गोळी पोटातल्या बाळाला बाधू शकते, तेव्हा लग्नाआधी दोघींनी औषध बदलायला माझ्याकडे यायचं, हेही बजावून ठेवलं. बाटलीत भरायचं नाही, पाकिटातच ठेवायचं. रात्री दहाला दिवा मी बंद करायची. सकाळी सहाच्या आत पुस्तक दिसलं तर पुस्तक चुलीत जाईल, असा दम दिला होता. पोरी कुरकुरायच्या, “सिस्टर, सगळे तीनला उठतात हो!” उठू देत.

आठव्या दिवशी शिरूरचा निरोप आला. थोरलीचं लग्न मोडलं. व्यंकटराव आरतीला भेटायला आले नाहीत. डब्बा मात्र रोज एसटीनं यायचा. त्यात भाकरी आता दोघींपुरती असायची.

पेपरच्या पहिल्या दिवशी सकाळी रईसानं चहा केला. आरतीला कप दिला. मग तूबाचा गिलास घेतला, सवयीनं अर्धा भरला आणि थांबली.

“भर अम्मी,” तूबा म्हणाली.

रईसानं माझ्याकडे पाहिलं. नऊ दिवस झाले होते, तिचा हात उडाला नव्हता. मलाही भीतीच वाटत होती. रईसानं किटली वाकडी केली आणि गिलास काठोकाठ भरला.

तूबानं तो एका हातानं उचलला. आम्ही तिघी तिच्या मनगटाकडे बघत होतो. गिलास तोंडाला लागला, ती घोटघोट प्यायली, सगळा. खाली ठेवला तेव्हा पायावर एक थेंबही पडलेला नव्हता.

“चला,” आरती म्हणाली. “उशीर होईल.”

दोघी गेल्यावर रईसा तो रिकामा गिलास हातात घेऊन चुलीपाशी कितीतरी वेळ बसून राहिली. मला त्या क्षणी शरणम्माच्या आईची आठवण येत होती.